जात्यावरचा तास

डॉक्टरांच्या शाळेत मी मराठीचा मास्तर होतो असं सांगितलं की लोक हसतात. हसू देत. मी जयपाल चौगुले, मूळचा सांगलीच्या एका हायस्कुलातला. १९४६ साली आमच्या भागातल्या एका इस्पितळाच्या मेडिकल स्कुलाचं कॉलेज व्हायचं घाटत होतं, तेव्हा मला तिथं नेमलं. नव्या अभ्यासक्रमात असं ठरलं होतं, की नुसती हाडं आणि औषधं घोकून डॉक्टर होत नाही, त्याला माणसाची भाषा, रीतभात, थोडा इतिहासही कळला पाहिजे. म्हणून आठवड्याला तीन तास 'सामान्य शिक्षण'. पोरं त्याला झोपेचा तास म्हणत, आणि बाकीचे प्राध्यापक मला 'काय कीर्तनकार' म्हणून हाक मारत.

मला ते लागायचं. वरून मीही हसायचो, पण घरी येऊन बायकोवर डाफरायचो. आपला विषय ह्या शिष्टांना एकदा दाखवून द्यायचा, हेच माझ्या डोक्यात बसलं होतं. त्यात प्रिन्सिपॉल लालासाहेबांनी बोलावून सांगितलं, "मास्तर, पुढच्या मंगळवारी मुंबईहून तिघे पाहुणे यायचेत. नवा अभ्यासक्रम बघणार. तुमच्या तासाचा रोग्याला काय उपयोग, ते त्यांना पटलं तर तास राहील. नाही पटलं तर तुम्ही परत आपल्या हायस्कुलात."

रोग्याला उपयोग! मी तर रोज दुपारी बायकांच्या वॉर्डात बसून पत्रं लिहून देत होतो. खेड्यांतून आलेल्या बाया, कुणाचा मुलगा पलटणीत, कुणाचा नवरा. त्या सांगायच्या, मी लिहायचो. त्यांच्यातच चंद्राबाई होती. कवठे महांकाळकडची, वय चोवीस-पंचवीस, पाचवा महिना. आधीची तिन्ही मुलं पोटातच गेलेली, म्हणून ह्या खेपेला सासू भामाबाईनं तिला इस्पितळात आणून ठेवलं होतं. नवरा आकाराम पलटणीत, झाशीला. डॉक्टर पुन्हा पुन्हा विचारत होते, "नवऱ्याला काही आजार?" आणि ती मान हलवत होती, न्हाई. रक्त पुण्याला तपासायला गेलं होतं, त्याचं उत्तर आलं नव्हतं. कारण सापडलं नाही तर चौथंही जाईल, असं डॉक्टर उघड बोलत होते.

कारण मला माहीत होतं. सोमवारी सासू नदीवर धुणं धुवायला गेली असताना चंद्राबाईनं मला पत्र सांगितलं होतं. "मास्तर, लिवा. तुमाला जी गरमी झालीया तिचं आवशीद तितल्या डाक्टरकडनं घ्या. त्येच दुकनं माज्याकडं आलंया, त्यापायीच लेकरं ऱ्हाईनात." मग तिनं पदर तोंडाला लावला. "ह्यो कागुद कुणाला दावू नगा. आत्याबाईंस्नी कळलं तर मला उभी जाळतील. आपल्या ल्योकाचं त्या ऐकून घ्यायच्या न्हाईत."

मी म्हणालो, "नाही दाखवणार, बाई." आणि शब्द पाळलाही. पत्र पाकिटात घालून पोस्टात टाकलं.

डॉक्टरांच्या कानात तेव्हाच दोन शब्द सांगता आले असते. हळूच, नाव न घेता, 'साहेब, गरमीच्या, उपदंशाच्या अंगानं बघा' एवढंच. मी उठलोही होतो. पण व्हरांड्यातून जाताना मागच्या पडवीत जात्याचा आवाज आला. रोग्यांची नातेवाईक मंडळी तिथं आपापलं दळण दळत असत, त्यासाठी दोन जाती मांडून ठेवली होती. चंद्राबाई एकटीच दळत होती, बसून बसून अंग आंबतं म्हणायची. दळता दळता ती ओवी म्हणत होती:

*तीन येळा पाळना बांदला, तीन येळा सोडीला*
*सख्याच्या दुकन्याचा वाटा माज्या कुशीला जोडीला*

आमच्याकडच्या बाईचं असंच. सासूला सांगता येत नाही, आईला सांगितलं तर आई रडते, मग जात्याला सांगायचं. जातं ऐकतं आणि कुठं बोलत नाही. मी खांबाआड उभा राहिलो आणि माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. डॉक्टरांना महिनाभर विचारून जे कळलं नाही ते ह्या ओवीत आहे! मंगळवारी पाहुण्यांपुढं हे मांडलं तर काय बिशाद आहे कुणाची मला कीर्तनकार म्हणायची?

म्हणून मी आठ दिवस गप्प बसलो.  ती रोज वॉर्डात होती, पोटातलं मूल रोज धोक्यात होतं, आणि मी मंगळवारची वाट बघत होतो.

मंगळवारी मी पडवीतलं एक जातं दोन गड्यांकडून उचलून लेक्चर हॉलमध्ये आणवलं. खाली घोंगडं, शेजारी सुपात जोंधळे. पाहुणे पुढच्या खुर्च्यांवर, चाळीस पोरं बाकांवर, लालासाहेब दाराशी उभे. चंद्राबाईला मी आदल्या दिवशीच गळ घातली होती, "पोरांना ओव्या ऐकवायच्या. शिकलेली पोरं आहेत, त्यांना आपल्या बायकांचं काही ठाऊक नाही." ती नको नको म्हणाली. पण मी तिची चार पत्रं लिहून दिली होती, तिला माझी भीड पडली. भामाबाईला तर सुनेचा मान वाटला. तीही दारातून आत येऊन भिंतीला टेकून बसली. तिला बाहेर काढायला पाहिजे होतं, हे मला सुचलं होतं. मी काढलं नाही, कारण तेवढ्यात पाहुण्यांपैकी एकजण माझ्याकडं बघून हसला आणि मी त्याच्याकडं वळलो.

चंद्राबाईनं डोईवरचा पदर पुढं ओढला आणि खुंटा धरला. आधी देवाची ओवी, मग भावाची, मग माहेरची. पोरं हळूहळू गप्प झाली. जात्याला गती आली, तिचे डोळे मिटले, चाळीस पुरुष समोर आहेत हे ती विसरली असावी. मी जवळ जाऊन हळूच म्हणालो, "चंद्राबाई, त्या दिवशी मागल्या पडवीत म्हणत होता ती म्हणा." तिनं डोळे उघडून माझ्याकडं बघितलं. मी मान डोलावली. तिला काय वाटलं असेल? मास्तरला समदं ठावं हायच, त्यो आपला हाय, बाकीच्यांना काय कळतंय. तिनं ती ओवी म्हटली.

इथंही थांबता आलं असतं. पाहुण्यांना ओवी उमगली नव्हती, एक जण तर घड्याळ बघत होता. मी खडू घेतला, फळ्यावर ओवी लिहिली आणि एकेक ओळ फोडून सांगितली. पाळणा सोडणं म्हणजे काय, सख्याचं दुखणं म्हणजे कुठलं, वाटा म्हणजे काय. "सद्गृहस्थहो, नवऱ्याला पलटणीत गरमीची बाधा झाली आहे आणि ती बायकोला लागली आहे. जे औषधशास्त्राला महिनाभर कळलं नाही, ते लोकभाषेनं एका ओवीत सांगितलं!"

टाळ्या पडल्या. लालासाहेबांनीही वाजवल्या. त्या टाळ्यांमुळं जातं केव्हा थांबलं ते मला कळलंच नाही.

वळून बघितलं तर चंद्राबाई खुंटा धरून तशीच बसली होती, आणि भामाबाई उभी होती. "माज्या ल्योकाला गरमी?" ती म्हणाली. "पलटणीतल्या मानसाला चारचौगांत बट्टा लावतीस, रांडं? तुजंच कुटं तरी श्यान खाल्लेलं आसंल." पोरांपैकी कुणीतरी हसलं. भामाबाईनं तिच्या दंडाला धरून तिला उठवलं आणि घेऊन गेली. त्याच दुपारी वॉर्डातली खाट रिकामी झाली.

पाहुण्यांनी शेरा उत्तम लिहिला. तास पक्का झाला, माझी नेमणूकही. पेढे वाटायचे का, असं लालासाहेब गमतीनं म्हणाले. मी हसलो. हो, मी त्या दिवशी हसलो होतो.

संध्याकाळी बाळगोंडा नावाचा विद्यार्थी माझ्याकडं आला. हरिपूरकडच्या हळदवाल्या शेतकऱ्याचा मुलगा, वर्गात कधी तोंड न उघडणारा. दारातच उभा राहून म्हणाला, "सर, एक विचारू? तुम्हाला आधीच माहीत होतं ना?"

मी म्हणालो, "काय?"

"आजार. म्हणजे तुम्ही तास घेतला, तो शोधायला नव्हता. दाखवायला होता." मग म्हणाला, "सर, बारा सुया आहेत, आठवड्याला एक. आता सुरू झाल्या तर मूल जगेल. ती गेली तर नाही जगणार. डॉक्टर म्हणाले."

त्यानं आवाजही चढवला नाही. शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं. रात्रभर मला स्वतःची किळस येत राहिली.

दुसऱ्या दिवशी मी मिरजेहून अरुंद रुळांच्या छोट्या गाडीनं कवठे महांकाळला गेलो. भामाबाईनं मला उंबऱ्याच्या आत घेतलं नाही. "तिला म्हायेराला लावून दिलीया. पलूसला. तितंच मरू दे," म्हणाली. मग पलूस. चंद्राबाईचे वडील नाथाजी गोठ्यात बैलांना वैरण टाकत होते. कोण, कुठले विचारून त्यांनी मला पाणी दिलं, तेव्हा कळलं की तिनं घरात माझं नावच सांगितलेलं नाही. ती आतून आली आणि खांबाशी बसली. मी हात जोडले. मी जैनाच्या पोटचा, वर्षातून एकदा सगळ्यांची क्षमा मागायची आम्हाला सवय. पाठ केलेलं म्हणून टाकतो आम्ही. त्या दिवशी ते पाठही आठवेना.

"चुकलो," एवढंच म्हणालो.

ती मग म्हणाली, "मास्तर, मी जात्याला सांगत हुते. तुमी समद्यांस्नी इस्कटून सांगितलंसा."

"मला डॉक्टरांना सांगायला पाहिजे होतं. एकट्यांना."

"व्हय. मला इचारलं आसतं तर मीच म्हनले आसते, सांगा जावा. पर तुमी इचारलं कुटं?"

मी सुयांचं सांगितलं. बारा मंगळवार, मूल जगेल. तिनं पोटावर हात ठेवला. नाथाजी गोठ्यातून म्हणाले, "मी घिऊन यीन तिला, आवं मास्तर, गाडी हाय." ती म्हणाली, "यीन. पर तुमी तितं दिसायचं न्हाई. तुमी दिसला की माजं पाय उचलायचं न्हाईत."

मी कबूल केलं. देवाची शपथ घेऊन कबूल केलं.

मंगळवारी माझा एक तास असे. तो मी शुक्रवारी करून घेतला आणि दर मंगळवारी सकाळीच कृष्णेच्या घाटावर जाऊन बसू लागलो. सुईच्या वेळी बाळगोंडा तिथं हजर असे. "आली होती," एवढंच तो सांगे. पहिला मंगळवार, दुसरा, तिसरा, चौथा. तिला परत आणायला मीच गेलो, तासही बदलला, याचा मला चक्क अभिमान वाटू लागला. माणूस निलाजरा झाला की पश्चात्तापाचंही कौतुक करून घेतो.

पाचव्या मंगळवारी मी घाटावर गेलो नाही. तिला लांबूनच बघावं, जमलं तर एकदा तिचा राग नसलेला चेहरा बघावा, मग मला झोप लागेल, असं वाटलं. तिच्यासाठी नव्हतं ते, माझ्यासाठीच होतं. मी सुईच्या खोलीसमोरच्या व्हरांड्यात खांबाशी उभा राहिलो. ती बाकावर बसली होती, पोट आता दिसत होतं. शेजारी जमिनीवर बाळगोंडा मांडी घालून कागदावर काहीतरी लिहीत होता, ती त्याला पत्र सांगत होती. मधेच ती हसली. मी खांबाआडून अर्धा पाऊल पुढं झालो.

तिनं वर बघितलं.

ती बाकाला धरून उठली, पदर सारखा केला आणि नाथाजींना खूण करून फाटकाकडं चालू लागली. नर्स सुई भरून दारात आली तेव्हा बाक रिकामा होता. बाळगोंडा फाटकापर्यंत धावला आणि एकटाच परत आला. त्याच्या हातात अर्धं पत्र होतं.

"का आलात, सर?" तो म्हणाला. "का आलात?"

 मी तडक ऑफिसात जाऊन राजीनामा लिहिला. लालासाहेब म्हणाले, "वेडे झालात का? आत्ताच तर तुमचा तास जमलाय." मी म्हणालो, प्रकृती बरी नाही. खरं सांगायची तिथंही छाती झाली नाही. बाळगोंडाला मात्र सांगितलं, "पलूसला जा. तिला सांग, मास्तर गेला. कायमचा गेला. आता उरलेले आठही मंगळवार खुशाल ये."

मी त्याच आठवड्यात बिऱ्हाड हलवून साताऱ्याला आलो. तिथल्या शाळेत पाचवीला मराठी शिकवतो. बाळगोंडा डॉक्टर झाला. त्याची दोन पत्रं आली, दोन्ही मी न फोडता परत पाठवली. त्यांत तिचंच काही असणार हे मला ठाऊक होतं. ती पुन्हा आली का, मूल जगलं का, हे एका ओळीत कळलं असतं. पण तिची गोष्ट माझ्यापुरती उघडी करून बघायचा अधिकार मी त्या जात्यापाशी घालवला होता. मला ठाऊक नाही. शेवटपर्यंत ठाऊक होणार नाही, आणि तेच बरं आहे.