विचारू नकोस, देऊन टाक

लोकांचे फोन उघडून उघडून मला माणसांचीच शिसारी आली आहे. चार्जिंगच्या भोकात खिशातला मळ, ऐकायच्या जाळीवर कानातल्या मळाचा थर, आणि वर तोंड करून विचारतात, "आवाज का येत नाही हो?" बारा वर्षं हेच चाललंय. गिऱ्हाइकाचा फोन आधी पिवळ्या फडक्याने खसाखसा पुसल्याशिवाय मी हातात धरत नाही. त्या दुपारी बहिणीचा फोन मात्र मी तसाच घेतला. घरचाच होता ना.

"दादा, चार वाजता मुलाखतीचा फोन येणार आहे," ती म्हणाली. "आज हा मध्येच बंद पडला तर माझं संपलं."

ती लॅबमध्ये रक्त तपासायची. लग्नानंतर नोकरी सुटली. आता पुन्हा शोधत होती, तर दोनदा ऐन मुलाखतीत फोन काळा पडला. दुसऱ्यांदा तर समोरच्या बाईने कळवलं, "तुम्हाला नोकरीची गरज दिसत नाही." आजची तिसरी. भिंतीवर अडीच वाजले होते.

हा फोन सहा महिन्यांपूर्वी मीच रूट करून दिला होता. मेहुणे घेऊन आले होते. "दादा, कंपनीची फालतू ॲप्स काढा, जरा हलका करा." रूट केला की फोनच्या सगळ्या कुलपांच्या किल्ल्या हाती येतात. मग एखाद्या ॲपने किल्ली मागितली की पडद्यावर प्रश्न येतो, देऊ का? गिऱ्हाइकं त्या प्रश्नाला घाबरतात आणि दिवसातून चारदा माझं डोकं खातात. म्हणून मी तो प्रश्नच बंद करून ठेवतो. मागेल त्याला फोनने गुपचूप देऊन टाकायचं. आजवर एकाचीही तक्रार नाही, याचा मला गर्व होता.

बॅटरी बदलून पाहिली. तेच. माझ्या फोनवरून तिला फोन लावला; तिने उचलला, मी अकरा आकडे मोजले आणि पडदा काळा. पुन्हा लावला, पुन्हा तेच. कॉल नसताना मात्र फोन शहाण्यासारखा चालत होता. मग जागा पाहिली. फोटो दोनशे, गाणं एकही नाही, तरी फोन गच्च भरलेला. असा बंद पडताना फोन मागे नोंद ठेवतो, ती काढली. दर वेळी एकच नाव, 'बॅटरी रक्षक'. पडद्यावर या रक्षकाचं चिन्ह कुठेच नव्हतं.

त्याचा लपवलेला कप्पा उघडला. आत रेकॉर्ड करून ठेवलेले तिचे कॉल. सगळेच्या सगळे. आईशी, मैत्रिणीशी, डॉक्टरांशी. प्रत्येकाची एक प्रत मेहुण्याच्या ईमेल पत्त्यावर रवाना. आता नवं रेकॉर्डिंग ठेवायला जागा उरली नव्हती, म्हणून प्रत्येक कॉलला फोन मान टाकत होता.

मी कानाला हेडफोन लावून एक ऐकलं. माझाच आवाज. "तुझा नवरा म्हणजे चहा पाजताना साखरेचे दाणे मोजणारा." ती हसत होती. दोन महिन्यांपूर्वी याच माणसाने माझ्या घरी कप पुढे करून म्हटलं होतं, "दादा, दाणे मोजून घाला हं." मी योगायोग समजलो होतो. नालायक माणूस! घरात बायकोशेजारी बसून तिचंच बोलणं चोरून ऐकतो, आणि वर माझ्या पाया पडतो.

पावणेचार झाले होते. आत्ता सांगितलं तर ती मुलाखतीत काय बोलणार? मी सिम काढून खणातल्या बटणांच्या फोनमध्ये घातलं. "तुझ्या फोनला वेळ लागेल. याच्यावर बोल." ती मागच्या खोलीत गेली, दार लावलं. पाऊण तासाने बाहेर आली ती उजळलेला चेहरा घेऊन.

"सोमवारी बोलावलंय! काय झालं होतं रे फोनला?"

मी तिच्या कानाला हेडफोन लावला. आईशी बोलताना ती रडली होती, ते सुरू झालं. तिने अर्ध्यातच काढून ठेवला.

"कोणी?"

"तुझ्या नवऱ्याने."

"त्यांना साधा गजर लावता येत नाही."

"ॲप त्यानेच टाकलंय. मी फक्त रूट केला होता."

"मग असलं काही आत शिरताना फोन विचारत नाही?"

खोटं बोलता आलं असतं. तिला यातलं काय कळतं? पण जीभ वळेना.

"विचारतो. मी ते बंद केलं होतं. सगळ्यांचंच करतो, कटकट नको म्हणून."

"म्हणजे त्यांनी मागितलं, तू दिलंस," ती हळूच म्हणाली. "आणि फोन माझा."

"मी आत्ता सगळं पुसून देतो."

"नको. एक अक्षर पुसू नकोस. वकिलाला लागेल." तिने तो फोन पर्समध्ये टाकला. तिने बाजूला ठेवलेला बटणांचा फोन मी पुढे केला. तिने तो लगेच घेतला नाही. काउंटरवरचं पिवळं फडकं उचललं, माझी बोटं लागली होती तिथे तो फोन खसाखसा पुसला, आणि मगच हातात धरून पायऱ्या उतरली.