थापड्या देवाचा हात

वैशाखाचा मध्यान्ह. अग्निवर्ण आकाश, अग्निवर्ण वारा, आणि सह्याद्रीच्या काळ्याकभिन्न कड्यात कोरलेले ते परित्यक्त बुद्धमंदिर. स्तंभ भंगले, छताला भगदाड पडले, स्तूप दुभंगला, वटवाघळांच्या वासाने विहार कोंदला. उभी राहिली ती एकच पाषाणमूर्ती, उजवा हात खांद्यापर्यंत उचललेली.

भिऊ नका, एवढेच कुणा विस्मृत शिल्पकाराने त्या तळहातातून सांगितले होते. ते समजणारे काषायवस्त्रधारी भिक्खू केव्हाच गेले. मागून आलेल्या डोंगरवाडीच्या माणसांना दिसला तो मारायला उगारलेला हात! त्यांनी मूर्तीला शेंदूर थापला, नाव ठेवले थापड्या देव. तो हात खाली येऊ नये म्हणून रक्त द्यायचे, ही पिढ्यान्‌पिढ्यांची रीत. हसू नये कोणी. भ्यालेल्या माणसाला झुडपातही भूतच दिसते.

आज हाश्याची पोर चिंधी तापाने फणफणत मूर्तीच्या पायाशी पडली होती. हाश्या कुऱ्हाड घेऊन उभा होता, आणि त्याची बायको चंद्री बोकड धरून. भोवती ढोल बडवीत सारी वाडी जमली होती. बोकडावर पाणी ओतायचे. त्याने अंग झाडले तर देवाने तो घेतला, मगच घाव.

लेण्याच्या टाक्यातले हिमशीतल पाणी आले. उन्हाने करपलेला बोकड सुखाने डोळे मिटून उभा राहिला. घागरीमागून घागर रिती झाली, पण बेटा हलेल तर शपथ! ढोल थांबला.

"देव बोकड घेत न्हाय," कमळू भगत कडाडला. "खोट हिच्यात हाय. पोरीच्या आयशीत!"

भयाकुल वाडी चंद्रीवर तुटून पडली. केस उपटले, लुगडे फाटले, कपाळ फुटले. रक्तावर कुणी घागर उपडी केली, आणि चंद्री थरथरली. नखशिखांत थरथरली.

"घेतलं! देवानं हिला घेतलं!"

भगताने धोंडा उचलला. हाश्या पुढे झेपावला, आणि अडखळला. अडवावे तर देव पोर नेणार, गप्प राहावे तर बायको मरणार. दोघींच्या डोक्यावर एकच हात उगारलेला, तोच तो, रक्तलोलुप, शेंदूरमाखला!

आणि हाश्या फिरला तो मूर्तीवरच. घाव. ठिणग्या. घाव. पिढ्यांच्या शेंदराच्या खपल्या उडाल्या. घाव! मनगटातून हात तुटला, खाली सांडलेल्या पाण्यात कोसळला. किंकाळ्या फोडीत वाडी कडा उतरत पळाली, आणि धोंडा टाकून सगळ्यांत पुढे भगत.

हाश्याने गुडघे टेकले, मान वाकवली.

"आता मार," तो ओरडला. "पर मला मार! ह्यांना न्हाय!"

रक्तबंबाळ चंद्री सरपटत आली, त्याला बिलगली. दोघे वाट पाहत राहिली. उन्हाखेरीज त्यांच्यावर काही पडले नाही.

तापलेली चिंधी ग्लानीतच कुशीवर वळली, चाचपडली. बोटांना काहीतरी गार लागले. त्या तुटक्या, पाषाणी तळहातावर तिने आपला जळता गाल टेकला, आणि गुडघे पोटाशी घेऊन ती निजली.