बाटलीतली भीती

तरण तलावाचा नियम क्रमांक तीन: कोणालाही पाण्यात सोडण्यापूर्वी पाणी तपासावे. काचेच्या नळीत तलावाचे पाणी, त्यात लाल औषधाचे पाच थेंब, मग रंग कार्डाशी जुळवावा.

*

सभागृहाच्या दारावरची पाटी: चपला आणि शंका बाहेर ठेवाव्यात. हरवल्यास आम्ही जबाबदार नाही.

*

हृदयाचा आलेख नॉर्मल. थायरॉइड नॉर्मल. रक्त नॉर्मल. शेवटी डॉक्टर म्हणाले, "तुमचं हृदय माझ्यापेक्षा चांगलं आहे."

*

जेवणानंतर सोड्याच्या बाटलीचं झाकण उघडल्याचा आवाज. फस्स.

*

व्यवस्थापकांची चिठ्ठी: एक तारखेपासून नवशिक्यांची तुकडी स्वतः पाण्यात उतरून घ्यावी. जमत नसल्यास तिकीट खिडकीवर बदली, कायमची.

*

हे सगळे तुकडे एकाच बाईच्या आयुष्यातले. बाई चौदा वर्षं पोहायला शिकवत होती, म्हणून सगळे तिला कोचबाईच म्हणत. मागच्या वर्षी एका दुपारी तलावाच्या काठावर उभी असताना तिचं काळीज अचानक धाडधाड उडायला लागलं. बोटांना मुंग्या आल्या, श्वास पुरेना, आणि आपण आत्ता, इथेच, गळ्यात शिट्टी असताना मरणार अशी तिची खात्री पटली. ती मेली नाही. पण झटका पुन्हा आला. मग पुन्हा. तेव्हापासून ती पाण्यात उतरली नव्हती. पाणी तपासायची, हजेरी घ्यायची आणि काठापासून चार हात लांब उभी राहायची.

आठ महिने ती समुपदेशक बाईंकडे जात होती. त्यांनी तिला आकडे मोजत श्वास घेण्याचा व्यायाम दिला होता आणि झटक्यांची वही ठेवायला सांगितली होती. पहिल्या चार महिन्यांत झटके रोजच्यावरून आठवड्याला दोनवर आले. पुढचे चार महिने ते दोनावरच ठाण मांडून बसले.

"आपण अडकलोय का?" कोचबाईने विचारलं.

"हो," समुपदेशक बाई म्हणाल्या. "का, ते मला अजून कळलेलं नाही. शोधू."

एक तारीख तोंडावर आलेल्या माणसाला 'अजून कळलेलं नाही' या उत्तराचा कितीसा आधार वाटणार? त्याच आठवड्यात वहिनी, म्हणजे तिच्या धाकट्या भावाची बायको, घरी येऊन म्हणाली, "ताई, आमच्या ऑफिसातल्या एकीचं हेच दुखणं एका फुंकरीत गेलं. एका. तुम्ही आठ महिने नुसत्या बोलताय."

आणि अशा रीतीने फुंकरबुवा आले.

*

बुवा म्हटल्यावर दाढीजटा डोळ्यांसमोर आणू नका. इस्त्रीचा पांढरा शर्ट, कॉलरला माइक, पायांत मोजे. समोर दोनशे खुर्च्या आणि त्याहून जास्त माणसं. जुन्या भक्तांच्या मांडीवर एकेक लाल बाटली. तपासणीला नमुना घेऊन आल्यासारखी मंडळी ती दोन्ही हातांनी जपून धरून बसली होती.

"भीती कुठे राहते?" फुंकरबुवांनी विचारलं. "डोक्यात? छे. डोकं वर आहे, भीती जड आहे. जड वस्तू तळाशी बसते. छातीच्या तळाशी, गाळ होऊन. विज्ञानाला हे आत्ता कुठे समजायला लागलंय."

कुठल्या विज्ञानाला, हे कोणी विचारलं नाही. शंका चपलांशेजारी होत्या.

कोचबाईला मंचावर बोलावलं. उंच बाटलीत लालभडक पाणी, मागे दिवा, बाटलीत एक बारीक काचेची नळी. "हा तुमच्या भीतीचा रंग. आता सावकाश फुंका. घाई नाही. सगळं ओता."

तिने फुंकलं. बुडबुडे आले. लाल पाणी केशरी झालं आणि मग पिवळं. सभागृहातून एक लांबलचक 'अहाहा' उठला. तिची छाती खरोखरच हलकी झाली. ती रडली. वहिनी तर तिच्याआधीच रडायला लागली होती.

बुवांनी बाटलीला कापसाचा बोळा लावला. "घट्ट बूच नाही लावायचं. कोंडली की भीती चिडते. ही डोळ्यांसमोर ठेवा. पिवळी आहे तोवर तुम्ही मोकळे. लाल झाली की समजा परतली, मग पुढच्या रविवारी या. आणि मधल्या काळात दुसऱ्या कोणापुढे मन उघडं करू नका. दोन दारं उघडी ठेवलीत तर वारा शिरणारच."

दुसरं दार म्हणजे समुपदेशक. कोचबाईने त्या आठवड्याची वेळ रद्द केली.

*

झटक्यांच्या वहीतून:

सोमवार. बाटली पिवळी. ठीक.
मंगळवार. पिवळी. दहा वेळा पाहिली.
बुधवार. केशरी? उजेडामुळे असेल.
गुरुवार. लाल. पाहताक्षणी झटका.
शुक्रवार. लाल. झटका.
शनिवार. लाल. दोन झटके.

भीती आली म्हणून बाटली लाल झाली, की बाटली लाल झाली म्हणून भीती आली? हा प्रश्न वहीत कुठेच नव्हता. रविवारी ती पुन्हा फुंकून आली. पुढच्या रविवारीही. आठवड्याचे दोन झटके आता चार झाले होते.

"गाळ जुना आहे," फुंकरबुवा म्हणाले. "जुन्या गाळाला वेळ लागतो."

समुपदेशक बाईंनी आठ महिने घेतले तर ती ढिलाई. बुवांनी वेळ घेतला तर तो गाळाचा दोष.

*

एक तारखेच्या आधीच्या शुक्रवारी कोचबाई पुन्हा लाल झालेली बाटली पिशवीत घालून तलावावर आली. आता तिला ती घरी सोडवत नव्हती. पाणी तपासताना तिने बाटली नळ्यांच्या शेजारी फळीवर ठेवली. आदल्या दिवशी कोणीतरी पीएच वाढवायची पावडर सढळ हाताने टाकली होती. तलावाच्या नळीत पाच थेंब पडले आणि पाणी लालभडक झालं.

पंपवाले काका आत आले, फळीकडे बघत उभे राहिले.

"कोचबाई, यातली तलावाची कुठली आणि तुमची कुठली?"

"काका, थट्टा नको. पीएच चढला की लाल दिसतं, उतरला की पिवळं. तलावाचं आहे ते, आणि हे माझं..."

वाक्य अर्ध्यातच राहिलं. हे वाक्य तिने चौदा वर्षांत प्रत्येक नव्या मदतनिसाला शिकवलं होतं. हा रंग रोज सकाळी तिच्या बोटांतून जात होता. पण ती नळी पाणी तपासायची होती, आपल्याला तपासायची नव्हती, म्हणून सभागृहात तिला काही आठवलंच नाही. शिवाय तिथे मागे दिवा होता.

कँटीनमधून शीतपेयाची नळी आणून तिने तलावाच्या लाल पाण्यात फुंकलं. केशरी. पिवळं.

"तलावाची भीती गेली," काका गंभीरपणे म्हणाले. "मला बघू द्या." त्यांनी दुसऱ्या नळीत फुंकलं. पिवळं. "मी तर जेवून मजेत आहे. माझी कसली गेली?"

"श्वासातला वायू, काका. पाण्यात मिसळला की पाणी जरासं आंबट होतं. बोळ्यातून तो हळूहळू उडून जातो, की झालं पुन्हा लाल."

काकांनी पोटासाठी आणलेल्या आपल्या सोड्याच्या बाटलीकडे पाहिलं. "वायू तर यातही आहे."

दोघंही सोड्याकडे बघत राहिले.

*

रविवार. पाटी तीच. कोचबाईने चपला बाहेर ठेवल्या.

मंचावर गेल्यावर ती बोलणार होती. वाक्यं पाठ केली होती. पण दोनशे माणसं, तो दिवा, आणि काळीज उडालंच. धाडधाड. मुंग्या मनगटापर्यंत.

"बघा," फुंकरबुवा खुलले. "भीती मला ओळखते. बाहेर यायला धडपडतेय. फुंका, ताई."

तिने नळी काढून बाजूला ठेवली आणि मंचाच्या कडेवर बसली. "नाही फुंकत. वहिनी, घड्याळ बघ."

"ताई, फुंका ना, कशाला उगीच..."

"घड्याळ."

दुसरं मिनिट. बुवा म्हणाले, "हट्टी भीती आहे." चौथं. "अशाने नसा आखडतात." सहावं. "मी जबाबदार नाही, सांगून ठेवतो." आठव्या मिनिटाला कोचबाईलाही वाटलं की बुवाच खरे आणि आपण आता संपलो. तिने आकडे मोजले नाहीत, श्वास ओढला नाही, दाराकडे पाहिलं नाही. काही म्हणजे काहीच केलं नाही. दहाव्या मिनिटाला धडधड एक पायरी खाली उतरली. मग आणखी एक.

"किती झाले?"

"तेरा," वहिनी म्हणाली.

"गेली." कोचबाईने बाटली उचलून दिव्यासमोर धरली. लालभडक. "मी बरी आहे आणि ही लाल आहे. आता ही बघा." पिशवीतून सोड्याची बाटली निघाली. फस्स. लाल पाण्यात तिने सोडा ओतला. पाणी क्षणात पिवळं झालं.

पहिल्या रांगेत एक शिंपी चार महिन्यांची बाटली मांडीवर घेऊन बसला होता. त्याने शांतपणे विचारलं, "बुवा, सोड्याला कसली भीती होती?"

"जीव कणाकणात असतो," बुवा म्हणाले. "सोड्यातही..."

पुढचं हशात बुडालं. कोचबाईने खिशातली तलावाच्या लाल औषधाची कुपी काढली, साध्या पाण्यात थेंब टाकले, कणभर धुण्याचा सोडा घालून ते लाल केलं आणि ज्याला हवं त्याला फुंकायला दिलं. घाबरलेल्यांनी फुंकलं, न घाबरलेल्यांनी फुंकलं. सगळ्यांचं पिवळं. "आणि फुंकल्यावर हलकं वाटतं ते खोटं नाही," तिने सांगितलं. "बारीक नळीतून सावकाश श्वास सोडला की अंग निवळतं. शिवाय झटका तसाही थोड्या वेळात ओसरतोच. आपला नंबर लागेपर्यंत तो अर्धा ओसरलेला असतो. बुवा फक्त शेवटी येऊन टाळ्या घेतात."

टाळ्या घेणारे मागच्या दाराने गेले होते. मोज्यांवरच. शिंप्याने बाटली खिडकीतून रिकामी केली. सगळ्यांनी नाही केली. पंधरा-वीस जण बाटल्या छातीशी धरून, कोचबाईकडे रागाने बघत, पुढचा रविवार कुठे भरणार याची चौकशी करत होते.

परत येताना वहिनी म्हणाली, "ऑफिसातलीला काय सांगू?"

"सोडा घेऊन जा."

*

"त्या तेरा मिनिटांत श्वासाचा व्यायाम केलात?" समुपदेशक बाईंनी विचारलं.

"नाही. काहीच केलं नाही."

त्यांनी झटक्यांच्या वहीची मागची पानं चाळली. "मग तिथेच अडकलो होतो. व्यायाम मी शांत बसता यावं म्हणून दिला होता. तुम्ही तो झटक्याला हाकलायला वापरत होतात. धडधड झाली की लगेच मोजणी, लगेच पाणी, लगेच दाराजवळची खुर्ची. त्या सगळ्याचीही बाटलीच झाली. माझ्या लक्षात यायला हवं होतं."

"म्हणजे चूक तुमची?"

"दोघींची. पण सापडली. नवशिक्यांना तरंगायला शिकवताना तुम्ही काय सांगता?"

"हातपाय मारू नका. हे मी रोज शंभरदा ओरडते, मला नका शिकवू," कोचबाई म्हणाली, आणि कितीतरी महिन्यांनी त्या खोलीत हसली.

एक तारखेला ती छातीभर पाण्यात उभी होती. काळीज उडालं. काठ धरून बसलेल्या मुलांना तिने सांगितलं, "माझी जरा धडधड होतेय, तुमचीही होत असेल. होऊ दे. मग सुरू करू." झटके संपले नाहीत. त्या महिन्यात पाच आले. तिकीट खिडकीवर मात्र दुसऱ्या कोणाला तरी बसवावं लागलं.

सांगायचं एवढंच: तुमची भीती कोणी बाटलीत भरून दाखवली, तर त्या बाटलीत आधी सोडा ओतून बघा. शंका बाहेर ठेवायला सांगितली, तर चपला घालून परत फिरा. आणि जो माणूस 'मला अजून कळलेलं नाही, शोधू' म्हणतो, त्याच्याकडे पुढच्या आठवड्यालाही जा.

पहिला झटका आला त्या दुपारी तलावात अठरा मुलं होती. शिट्टी वाजवून तिने अठराच्या अठरा बाहेर काढली होती, आणि मगच ती खाली बसली होती.