कण्हेरीची काठी

विहारासमोरच्या मातीच्या पट्ट्यात काय लावायचं, यावरून कमलबाई आणि त्यांची सून ऐश्वर्या यांचं पहिल्यांदा वाजलं.

साखरा गावाच्या अलीकडे, सडकेला लागून त्यांची वस्ती. नवा विहार बांधून झाला होता. फरशी बसली, रंग झाला आणि दाराच्या दोन्ही अंगांना लांबट पट्टे मोकळे राहिले. तिथं काहीतरी शोभेचं लावू, असं बायकांनी ठरवलं आणि काम कमलबाईंच्या गळ्यात पडलं. त्यांची उभी हयात लोकांच्या रानात खुरपण्यात गेलेली. त्यांच्या हातानं लावलेलं जगतं, अशी वस्तीची खात्री होती. ऐश्वर्या लग्न होऊन नुकतीच आलेली. परभणीत शिकलेली, सेनगावच्या एका शाळेत शिकवायला रोज जीपनं जाणारी.

"आई, हे बघा," तिनं मोबाइल पुढं धरला. "शोभेचं गवत. असे झुबके वाढतात, वर गुलाबी तुरे येतात. वारा आला की सगळे एकदम डुलतात. वर्षातून एकदा कापलं की झालं."

कमलबाईंनी डोळे बारीक करून पाहिलं. "गवत?"

"हो, गवत."

"अगं बाई, जन्मभर गवत उपटून उपटून माझी नखं गेली. आता इकत आणून लावू व्हय? लोकं हसतील. म्हणतील, कमलबाईनं विहारापुढं तण वाढवलं."

सून हसली, पण तिनं सोडलं नाही. कण्हेरीचा विषय सासूनंच काढला. कण्हेर बारमाही फुलते, उन्हाळ्यात पाणी नाही मिळालं तरी तग धरते आणि मुख्य म्हणजे वस्तीतल्या शेळ्या तिला तोंड लावत नाहीत. गवत लावलं तर ते एका दुपारीत फस्त.

"पण आई, कण्हेर विषारी असते. पानं, फांद्या, सगळंच."

"म्हून तर शेळी खात न्हाई," कमलबाई म्हणाल्या आणि तिथंच तो विषय मिटला. मुलगा रविंद्र दोघींच्या मधे पडला नाही. ऐश्वर्याही पुन्हा काही बोलली नाही.

कमलबाईंच्या बहिणीच्या अंगणात, जवळा बाजारला, गुलाबी कण्हेर होती. तिच्या फांद्या आणून त्यांनी पावसाळ्याच्या तोंडाला लावल्या. सगळ्या जगल्या. दोन वर्षांत झुडपं माणसाच्या डोक्याच्या वर गेली. सडकेवरून जाणारी जीप हळू व्हायची, आतली माणसं मान वळवून फुलं बघायची. कमलबाईंना त्याचा मोठा आनंद. येणाऱ्या-जाणाऱ्याला त्या सांगायच्या, "शेळ्या बसतात सावलीला, पण पान तोडत न्हाईत."

बुद्धपौर्णिमेला वस्तीत दरवर्षी खीर व्हायची. करायचं काम हरिचंदचं. हरिचंद म्हणजे कमलबाईंचा चुलत दीर, शंभर माणसांचा स्वयंपाक एकहाती काढणारा. त्या सकाळी विहाराच्या मागं तीन दगडांवर मोठं पातेलं चढलं. दूध, तांदूळ, साखर, वेलदोडे. लाउडस्पीकरवर वंदना लागली होती, पोरं आत्तापासूनच ताटल्या घेऊन ओळीनं बसून राहिली होती.

ऐन वेळी लक्षात आलं की ढवळायचा मोठा लाकडी डाव जागेवर नाही. भागवतनं तो मागच्या महिन्यात बहिणीच्या लग्नात स्वयंपाकाला नेला आणि डाव तिकडंच राहिला. भागवत वस्तीतलाच, पण पुण्याला कंपनीत कामाला, सणापुरता गावी आलेला. खीर तळाला लागायला लागली तसा हरिचंद ओरडला, "अरे भागवत, एखादी सरळ काठी आण पाहू! साल काढून, धुऊन आण!"

भागवत पळतच गेला आणि आला. काठी लांब, सरळ, सोललेली, पांढरीफेक. हरिचंदनं ती घेतली आणि दुधात घातली.

बराच वेळ तो ढवळत राहिला. मधेमधे पळीभर खीर वाटीत घेऊन फुंकून चाखत राहिला. शेवटी पातेलं उतरवलं तेव्हा त्यानं तोंड वाकडं केलं.

"वयनी, कडसर लागून राहिली जराशी. तळ लागला वाटतं. साखर आणता का अजून?"

"आणते की," कमलबाई म्हणाल्या.

साखरेचा डबा विहाराच्या ओट्यावर होता. तो घेऊन त्या दारावरून परत निघाल्या आणि जागीच थबकल्या. कण्हेरीच्या टोकाच्या झुडपाखाली सालीच्या ओल्या हिरव्या पट्ट्या पडल्या होत्या. शेजारी पानांचा झुबका. वर एक फांदी बुडातून तोडलेली, तोडल्या जागी चीक ओला.

आधी त्यांना रागच आला, माझं झाड कुणी मोडलं म्हणून. मग नजर पुन्हा सालीवर गेली. लांब, सरळ पट्ट्या. आणि त्यांना हरिचंदच्या हातातली सोललेली पांढरी काठी आठवली.

साखरेचा डबा कधी हातातून सुटला, हे त्यांना कळलं नाही. त्या मागं धावल्या. "हरिचंद भावजी! थांबा! वाढू नका!" त्या ओरडत होत्या, पण स्पीकरचं तोंड नेमकं तिकडंच होतं. हरिचंदनं पहिली बादली भरली होती. भागवत ती उचलून पोरांच्या ओळीकडं वळला होता. पहिल्या पोरीनं ताटली वर धरली होती.

कमलबाईंनी बादलीला लाथ घातली. खीर फरशीवर सांडली, वाफ उठली. भागवत "ओ काकू!" म्हणून मागं सरला. कुणाला काही समजायच्या आत त्यांनी चूल विझवायला ठेवलेलं, मातीनं भरलेलं घमेलं उचललं आणि अख्खं पातेल्यात उपडं केलं.

कुणीतरी स्पीकर बंद केला. ओल्या मातीतून बुडबुडे फुटल्याचा आवाज ऐकू आला.

बायका तोंडावर हात घेऊन उभ्या. एक पोरगं रडायला लागलं. म्हातारे जळबा काठी टेकत पुढं आले. त्यांचा आवाज कापत होता. "कमल, हे काय केलंस तू? आपल्या अन्नात माती टाकणारे लोक पाहिलेत मी. माझ्या आज्याच्या ताटात टाकली होती त्यांनी. आपल्यातलं माणूस, तेही आजच्या दिवशी? काहून केलंस?"

भागवतनं कमलबाईंचा दंड धरला. त्यांना वेड लागलं, असंच सगळ्यांना वाटत होतं. त्यांनी दंड सोडवून घेतला आणि पातेल्यात उभ्या असलेल्या काठीकडं बोट केलं.

"कण्हेर," त्या म्हणाल्या. "कण्हेरीची हाय ती."

ऐश्वर्या गर्दीतून पुढं आली. तिनं काठी पाहिली, दाराकडं पाहिलं आणि ती हरिचंदकडं वळली. "हरिचंद काका, तुम्ही खाल्ली का?"

"चाखली... तीन-चारदा," हरिचंद म्हणाला. आणि मग स्वतःच्याच शब्दांनी घाबरल्यासारखा मटकन खाली बसला. थोड्या वेळानं त्याला उलटी झाली.

रविंद्रनं सडकेवर आडवा उभा राहून जीप थांबवली. ऐश्वर्यानं तोडलेली फांदी पिशवीत बांधून बरोबर घेतली, डॉक्टरांना दाखवायला. सेनगावच्या दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी नाडी धरली. ती हळू पडत होती. त्यांनी तातडीनं हिंगोलीला पाठवलं. कमलबाई जीपमध्ये हरिचंदचं डोकं मांडीवर घेऊन बसल्या होत्या. त्याचं कपाळ थंडगार आणि ओलं.

"वयनी, डोळ्यापुढं पिवळं दिसून राहिलंय."

"बोलू नका भावजी. पडून राहा."

हिंगोलीत छातीला वायरी लावल्या, सलाईन लावलं. काठीतून विष किती उतरलं हे सांगता येत नाही, पण माणूस ठेवून घ्यावा लागेल, असं तिथले डॉक्टर म्हणाले. मग त्यांनी विचारलं, "आणखी कुणी खाल्ली?" "कुणी न्हाई," असं सांगताना कमलबाईंना त्या पोरीची वर धरलेली ताटली दिसली आणि त्या भिंतीला टेकून खाली बसल्या.

हरिचंद वाचला. दुसऱ्या दिवशी नाडी वाढली, तिसऱ्या दिवशी त्यानं भाकरी मागितली. भागवत सगळा वेळ दवाखान्याच्या पायरीवर बसून होता. येईल त्याला सांगायचा, "मला झाडच ओळखू आलं न्हाई हो. फुलं सुंदर, काठी सरळ, एवढंच पाहिलं." त्याला कुणी बोललं नाही. जळबा येऊन कमलबाईंच्या डोक्यावर हात ठेवून गेले.

पण कमलबाईंना त्यानं बरं वाटलं नाही. त्या वाट बघत होत्या ती सुनेच्या बोलण्याची. आता म्हणेल, मी सांगितलं होतं. सकाळी म्हणाली नाही. संध्याकाळी भाकरी वाढताना म्हणाली नाही. शेवटी त्यांनाच राहवलं नाही.

"बोल की बाई काहीतरी. त्या दिवशी मला बराबर सांगितलं होतंस तू. मीच ऐकलं न्हाई. तुझं न बोलणं मला जास्त टोचून राहिलंय."

ऐश्वर्यानं हातातलं ताट खाली ठेवलं. तिचे डोळे भरून आले.

"काय बोलू आई? मला माहीत होतं, आणि मी एकदाच बोलले. नवी होते. म्हटलं, सासूबाईंच्या शब्दाच्या वर कशाला जायचं. दोन वर्षं रोज त्या झाडांजवळून जीपला गेले. पोरं तिथं खेळताना पाहिली. तरी गप्प राहिले. त्या ओळीत आपली शेजारची साक्षी पहिली बसली होती. मला रात्रीची झोप नाही."

दोन वर्षं घरात वावरणारी ही पोरगी आपल्याला भिऊन होती, हे कमलबाईंना आत्ता पहिल्यांदा कळत होतं. कण्हेरीनं बसला त्यापेक्षा हा धक्का वेगळा होता. तो अंगाला नाही, आत कुठंतरी बसला.

"मला भ्यायची तू?" त्या एवढंच म्हणाल्या.

"थोडी," ऐश्वर्या म्हणाली.

त्या आठवड्यात रविंद्र आणि भागवतनं हाताला प्लास्टिक बांधून कण्हेर मुळासकट काढली. जाळायची नाही, धूरही वाईट, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. म्हणून माळावर खोल खड्डा घेऊन पुरली. दोन्ही पट्टे उघडे पडले. बायकांनी कुणी जास्वंद सुचवली, कुणी तुळस. कमलबाईंनी ऐश्वर्याला मोबाइलवरचं ते गवत पुन्हा दाखवायला सांगितलं.

पावसाळा लागला तेव्हा त्या ऐश्वर्याबरोबर हिंगोलीच्या रोपवाटिकेत गेल्या. गवताच्या पिशव्यांपुढं त्या बराच वेळ उभ्या राहिल्या. तुरे हातात घेऊन चुरगाळले, वास घेतला, पातं मधोमध मोडून पाहिलं. मग माळ्याला विचारलं, "विषारी हाय का हे?"

"न्हाई बाई. जनावरं आवडीनं खातात."

"आई, मग शेळ्या?" ऐश्वर्यानं विचारलं.

"कुंपण घालू," कमलबाई म्हणाल्या. "आन् तुला काही वाटलं तर दहादा सांग मला. मी चिडले तरी सांग."

लावल्यावर पहिल्याच आठवड्यात कुंपणाच्या फटीतून शेळीनं तोंड घातलं आणि अर्धी ओळ बोडकी केली. कमलबाई काठी घेऊन धावल्या, शेळीला यथेच्छ शिव्या दिल्या आणि मग ओट्यावर बसून, छातीवर हात ठेवून, तिला काही झालं तर नाही, ती रवंथ करत उभी आहे ना, हे बराच वेळ पाहत राहिल्या.