हसीरेवर अडकलेलं गाणं

वजदीनं कॉफीचा कप ओठाला लावला आणि बेटावरून फोन आला. खाला शादलिया, त्याच्या आईची धाकटी बहीण. आज तिच्या लेकीची, युसरची, मेंदी. मागून डफ वाजत होता, बायका एकमेकींवर ओरडत होत्या, आणि त्या सगळ्याच्या वर खालाचा आवाज.

“वजदी, मेल्या, तुझ्या चटईनं माझं गाणं गिळलं!”

चटई म्हणजे हसीरा. वजदीनं लिहिलेला एवढासा प्रोग्राम. संगणकाच्या पडद्यावर खिडक्या मांडून द्यायच्या, एवढंच त्याचं काम. चित्रं नाहीत, पट्ट्या नाहीत, कोपऱ्यात फुलीसुद्धा नाही. एक खिडकी उघडली की ती सगळा पडदा व्यापते, दुसरी आली की पहिली शहाण्या जावेसारखी सरकून जागा देते. सगळा कारभार बोटांवर, कळफलकाच्या कळा दाबून. रिकाम्या खोलीत चटई अंथरली की घर झालं, असं वजदीला वाटे, म्हणून हे नाव. हसीरा वाढू द्यायची नाही हा त्याचा नेम होता. एक ओळ आत आली की एक ओळ बाहेर गेलीच पाहिजे. जगभरातली थोडीफार त्याच्यासारखीच हट्टी माणसं ती वापरत. त्यांच्यात त्याचं नाव होतं, आणि नावापेक्षा नेम मोठा होता.

गेल्या ईदला त्यानं खालाच्या म्हाताऱ्या लॅपटॉपवर हसीरा घातली होती. धापा टाकणारं ते यंत्र वासरासारखं धावायला लागलं. खाला बेटावरच्या लग्नगीतांचा संग्रह करत होती आणि हसीरेवर बेहद्द खूश होती. आजपर्यंत.

“गिळलं म्हणजे? दिसत नाही का?”

“दिसतंय की! समोर बसलंय, हसतंय मला. पण शेवटची दोनच कडवी दिसतात, बाकीचं वर सरकवून बघता येत नाही, जतन होत नाही, बंद होत नाही. कुठलीही कळ दाब, नुसती अक्षरं उमटतात.”

“कशालाही हात लावू नकोस. यंत्र बंद करू नकोस.”

“मी कशाला बंद करतेय! पण बॅटरी कधीच मेलीय, तारेवर चालतंय. आणि खोलीत प्लग एकच. शेजारणीला त्यात मसाल्याचा मिक्सर लावायचाय. मी प्लगला पाठ लावून बसलेय वजदी, लेकीच्या मेंदीला! ये लवकर.”

गाणं कुठलं हे त्याला विचारावं लागलं नाही. ते समुद्राचं गाणं. मेंदीच्या संध्याकाळी नवरी उंबऱ्यातून बाहेर येते तेव्हा म्हणायचं. सगळं गाणं आता बेटावरच्या एकट्या म्हाताऱ्या गाणारणीला, लेल्ला महबूबाला, येत होतं. आणि तिची रीत कडक: मेंदीच्या आधी एकदाच म्हणून दाखवायचं, दुसऱ्यांदा म्हटलं तर नवरीचं नशीब आंबतं. फोनमध्ये आवाज भरून घ्यायलाही तिची मनाई. “माझा गळा माझ्याबरोबर येईल नि माझ्याबरोबर जाईल,” म्हणे. सकाळी खालाच्या शेजारी बसून तिनं ते एकदा म्हटलं, खालानं जसंच्या तसं टिपलं. गाण्यात तिच्यामागे पोरींनी म्हणायचं असतं, आणि शहरातून आलेल्या पोरींना ते येत नव्हतं. त्यांच्या हातात कागद पडले तरच गाणं होणार. नाहीतर युसर भोंग्यावरच्या विकतच्या गाण्यावर उंबरा ओलांडणार, आणि ते खालाच्या जिवाला लागणार.

वजदी बोटीवर चढला. समुद्र तव्यासारखा सपाट होता. माशांसाठी उभारलेली झावळ्यांची कुंपणं पाण्यात ओळीनं उभी होती. त्यानं मांडीवर स्वतःचा लॅपटॉप उघडला आणि खालाला पुन्हा फोन लावला.

“सकाळी वेगळं काय केलंस?”

“काही नाही. एरवी मी फ्रेंच अक्षरांत लिहिते, तुम्ही पोरं फोनवर लिहिता तसं, फ्रेंचमध्ये नसलेल्या उच्चारांसाठी मध्येमध्ये आकडे घालून. लेल्ला महबूबानं डोकावून पाहिलं आणि म्हणाली, हे काय मुंग्यांचं वारूळ? माझं गाणं आपल्या अक्षरांत लिही. मग तू दाखवलेली कळ दाबली, अरबी अक्षरं आली. छान आली. गाणं पुरं झालं, आणि त्यानंतर काही म्हणता काही चालेना.”

हसीरेत अरबी अक्षरांवर जाण्याची सोय त्यानंच ठेवली होती. मग त्यानं, आयुष्यात पहिल्यांदा, स्वतःच्या चटईवर ती कळ दाबली.

आणि अडकला.

हसीरेची प्रत्येक आज्ञा एकेका फ्रेंच अक्षराला बांधलेली होती. कळफलक अरबी झाला की ती अक्षरंच नाहीशी होत. परत फिरायची कळही त्यांतलीच. लिहायच्या खिडकीत जतन करायची आज्ञाही तशीच. आत जायला दार होतं, बाहेर यायला नव्हतं. इतकी वर्षं हे कळलं नाही, कारण इतक्या वर्षांत त्यानं या यंत्रावर आपल्या भाषेतली एक ओळ आपल्या अक्षरांत लिहिली नव्हती. आईला निरोपसुद्धा आकड्यांच्या भाषेत.

शेजारी बसलेल्या कोळ्यानं पडद्याकडे पाहिलं. “बिघडला?”

“नाही काका. मीच असा बनवलाय.”

“मग दुसरा घे,” कोळी म्हणाला आणि टोपी डोळ्यांवर ओढून झोपला.

वजदीनं डोकं शांत केलं. पडद्यामागे एक काळी खोली असते. नुसत्या शब्दांची, तिथे खिडक्याच नाहीत. ती अक्षरांच्या कळांनी उघडत नाही, वरच्या रांगेतल्या कळांनी उघडते, आणि तिथला कळफलक फ्रेंचच राहतो. तो त्या खोलीत गेला, एक आज्ञा लिहिली, मागे आला. कळफलक पुन्हा फ्रेंच. चटई हलली. बोट धक्क्याला लागत होती. हे फोनवर सांगता आलं असतं, पण खालाचं बोट चुकलं तर? तो धावत सुटला.

घरात बार्लीच्या कुसकुसची वाफ आणि वाळवलेल्या ऑक्टोपसचा वास कोंदला होता. खाला खरोखरच भिंतीला पाठ लावून बसली होती. अंगावर नवा रेशमी झगा, हातात पंखा. शेजारीण मिक्सर कवटाळून समोर उभी.

“हा आला बघ संगणकाचा हकीम,” शेजारीण म्हणाली. “ह्याच्यापायी माझी हिरवी मिरची अजून अख्खी आहे.”

“तुझी जीभ आहे ना, वाट तिनंच!” खाला म्हणाली.

वजदी जमिनीवर बसला. काळ्या खोलीत गेला. सगळ्या बायका एकदम म्हणाल्या, “गेलं!” खालानं डोळे मिटून घेतले. त्यानं आज्ञा लिहिली, परत आला. गाणं जागच्या जागी होतं. जतन करायची आज्ञा दिली, आणखी एका ठिकाणी नक्कल ठेवली, मग म्हणाला, “ऊठ खाला. मिरची वाटू दे बिचारीला.”

बायकांनी जिभा लववून असा आनंदनाद केला की गच्चीवरची कबुतरं उडाली. खालानं त्याचं डोकं ओढून कपाळाचा मुका घेतला. नंतर त्याच कपाळावर टप्पल मारली.

“आपल्या भाषेला कुलूप लावून ठेवलंस होय रे?”

“लावलं, खाला. माहीतही नव्हतं.”

दुपारी, कागद बंदरावरच्या दुकानात छापायला गेले तेव्हा, तो अंगणात अंजिराखाली बसून हसीरा दुरुस्त करू लागला. आता कळेवरचं अक्षर कुठलं हे ती विचारणार नव्हती, कळ कुठे बसली आहे एवढंच पाहणार होती. काम सोपं निघालं, पण ओळी वाढल्या. नेम आठवला. काय काढायचं? शेवटी त्यानं चालू खिडकीभोवतीची निळी रेघ काढून टाकली. ती त्यानं सगळ्यांत आधी लिहिली होती. रंग निवडायला त्याला एक अख्खा हिवाळा लागला होता. खालाला दाखवलं.

“बरं झालं,” ती म्हणाली. “मला वाटायचं काच तडकलीय तिथे. आणि माझी मोठी खिडकी डावीकडे का रे? मी उजवीकडून वाचते. घरधनी दाराशी नि पाहुणा माजघरात, असं झालंय.”

त्यानं तेही फिरवलं. त्यासाठी एक अक्षर बदलावं लागलं, ओळ एकही वाढली नाही. अंगावरून ओझं उतरल्यासारखं वाटत होतं. त्यानं आईला निरोप लिहिला, नीट अरबी अक्षरांत: पोचलो, सगळं ठीक आहे. आईचं उत्तर आलं: कोण आपण?

संध्याकाळी युसर उंबऱ्याशी आली, लाल-सोनेरी शाल डोक्यावरून ओढलेली. पोरी कागद धरून दोन रांगांत उभ्या. लेल्ला महबूबानं डफावर थाप मारली आणि गाणं उचललं.

“सागरा रे, वाट दे, लेक आमुची निघाली,
तुझ्या मिठाची चिमूट तिच्या ओच्यात बांधली.
सागरा रे, शीड दे, वारा हलके वाहू दे,
परक्या अंगणी तिला माहेरचं पाणी दिसू दे.”

पोरी कागदात पाहून मागोमाग म्हणू लागल्या. आधी भीतभीत, मग गळा मोकळा करून. युसरचं पाऊल उंबऱ्याबाहेर पडलं. खाला रडत होती, हसत होती, शालीचं टोक सावरत होती. तिसऱ्या कडव्याला पोरी अडखळल्या. कागदावर एक होतं, महबूबा दुसरंच म्हणत होती.

“आईनं घर धरलं, भिंतीला पाठ लावून,
लेकीचं गाणं राखलं तिनं जागेवरून न हालून.”

क्षणभर कुणालाच उमजेना. मग शेजारीण फिसकन हसली, आणि सगळं अंगण हसलं. पोरींनी कागद खाली केले, म्हातारीच्या तोंडाकडे पाहत तिच्या मागे गाऊ लागल्या.

“लेल्ला, हे सकाळी नव्हतं!” खाला ओरडली.

“सकाळी तू तरी कुठे बसली होतीस भिंतीला?” डफ न थांबवता महबूबा म्हणाली.

खालानं वजदीचा दंड धरला. “ऐक नीट. उद्या मी लिहायला बसेन, तू मला सांगशील.”

वजदी मान डोलावत ऐकत राहिला, आणि ओठांनी हलकेच म्हणूही लागला.