बाईंच्या मिशा

"अब्बू, आमच्या मोठ्या बाईंना तुम्ही मिशा का काढल्यात?"

स्टुडिओत गिऱ्हाईक बसलेलं असताना हे खणखणीत आवाजात विचारायचं, अशी पैज वर्गातल्या अंकिता आणि हुस्नानं लावली होती. शाइस्तानं विचारलं. पायरीवर कान लावून उभ्या असलेल्या दोघी तोंडात ओढणी कोंबून सात रस्ता चौकाच्या गर्दीत पसार झाल्या. पासपोर्ट फोटोसाठी स्टुलावर ताठ बसलेले गृहस्थ फिस्सकन हसले, आणि तो फोटो वाया गेला.

"मी काढल्या?" राजेसाब कॅमेऱ्यामागून म्हणाले. "दिल्या अल्लानं. मी फक्त दाखवल्या."

प्रकरण हसण्यावारी नेण्यासारखं नव्हतं. निवृत्त होणाऱ्या मुख्याध्यापिका शिवम्मा बाईंचा मोठा फोटो शाळेच्या हॉलमध्ये लागायचा होता. काल फ्रेम शाळेत पोचली आणि शिपायानंच पहिल्यांदा विचारलं, "हे गुरुजी कोण?" आज चारला बाई स्वतः येणार होत्या. सुधारलेला फोटो पसंत पडला नाही, तर यंदापासून शाळेचं सगळं काम दुसऱ्या स्टुडिओकडं.

दोष राजेसाबांच्या सवयीचा. वीस वर्षं त्यांनी चादरींच्या कॅटलॉगचे फोटो काढले. कारखानदार भिंग लावून बघायचे. सूत न् सूत दिसलं पाहिजे. म्हणून कॉम्प्युटरवर फोटो धारदार करणाऱ्या शार्पनचा काटा कायम उजव्या टोकाला. मग समोर चादर असो, नवरी असो, नाहीतर मोठ्या बाई.

"उठा, मी बघते," शाइस्ता म्हणाली.

"तू तुझी दहावी बघ की!" काउंटरवर फोटो कापणारी तिची अम्मी नूरबी म्हणाली.

शाइस्ता कुठली ऐकतेय! तिनं शार्पन पार शून्यावर आणलं. मिशा गेल्या, पण डोळे, चष्मा, इरकली साडीचे काठ, सगळंच पेंगुळलं.

"उकडलेला बटाटा," नूरबीनं कात्री थांबवून निकाल दिला.

शाइस्ता फोटो मोठा करून निरखत बसली. "अब्बू, हे बटण लई अडाणी आहे. गडद आणि फिकं शेजारी दिसलं की ते गडद आणखी गडद करतं, फिकं आणखी फिकं. काठांवर झकास. पण ओठावरची लव दिसली तरी तेच! मागच्या साध्या पडद्यावर बघा, रवा सांडल्यासारखं झालंय. आणि अंबाड्याभोवती ही पांढरी रेघ..."

"ते तेज आहे," राजेसाब दुखावून म्हणाले. "मला वाटलं, बाईंना शोभतंय."

मग तिनं कॉम्प्युटरवरचा ब्रश घेतला आणि शार्पन फक्त डोळ्यांवर, चष्म्याच्या काड्यांवर आणि काठांवर फिरवलं. गाल, ओठ, पडदा यांना हातसुद्धा लावला नाही.

चारच्या ठोक्याला बाई आल्या. नाक स्क्रीनला टेकेल इतक्या वाकल्या.

"डोळे माझेच," बाई म्हणाल्या. "काठ तर हात लावून बघावेत असे. आणि मिशा?"

"आहेत की, बाई. आता ओरडत नाहीत, एवढंच."

बोलून गेल्यावर शाइस्तानं जीभ चावली. पण बाई अशा हसल्या, की चष्मा काढून डोळे पुसावे लागले. "हाच लावा. आणि दहावीच्या ग्रुप फोटोला सोमवारी या."

बाई पायरी उतरल्या न उतरल्या, तोच राजेसाबांनी दुपारच्या त्या गृहस्थांचा परत काढलेला फोटो उघडला. हात आपोआप काट्याकडं आणि काटा उजवीकडं निघाला. शाइस्तानं माउस काढून घेतला.

"अब्बू, अम्मी, दोघांनी ऐका. सोमवारपासून शाळा सुटली की पाच ते सात मी इथं बसणार. अभ्यास सातनंतर, अम्मी, तुला रोज वही दाखवीन. चादरी तुमच्या, अब्बू. माणसं माझी."