शालूचा भोंगा

मी एक जुना भोंगा आहे. अकोल्याच्या जठारपेठेत शेषरावांच्या भाजीच्या हातगाडीला तारेने बांधलेला, एका बाजूने चेपलेला, मूळचा पांढरा आणि आता धुळीच्या रंगाचा. मित्रांनो, मला तोंड आहे पण जीभ नाही. पोटात जे भरावे ते मी बाहेर ओततो. त्यातले खरे किती आणि खोटे किती, हे मला कळत नाही. कळावे अशी सोयच माझ्यात कोणी ठेवलेली नाही.

माझा जन्म कुठल्याशा कारखान्यात झाला. त्यातले मला काही आठवत नाही, आणि आठवावेसेही वाटत नाही. दुकानात मी प्लास्टिकच्या बादल्यांशेजारी टांगलेला होतो. तिथून शेषरावांच्या बायकोने, शालूने, मला उचलले. "ओरडू ओरडू घसा बसला माहा, आता हाच ओरडन," असे ती दुकानदाराला म्हणाली.

घरी नेऊन तिने माझ्यात आवाज भरला. "सांभार घ्या, पालक घ्या, ताजी ताजी मेथी घ्या! वांगे घ्या, भरताचे वांगे!" सांभार म्हणजे आमच्याकडची कोथिंबीर. कळ शेषरावांनी दाबून धरली होती. ते बायकोकडे बघत राहिले आणि कळ सोडायची विसरले. त्यामुळे शालूचे पुढचे वाक्यही माझ्या पोटात गेले. "झालं नं आता, बंद करा नं अवो!"

ते तसेच राहिले. गाडी गल्लीत शिरली की मेथी, वांगी आणि शेवटी नवऱ्यावरचा हा राग सगळ्यांना ऐकू जायचा. पोरे माझ्यामागे चालत तेवढेच वाक्य ओरडायची. बायका हसत हसत पिशव्या घेऊन बाहेर यायच्या. शालू वरवर चिडायची, पण नवा आवाज भरायचे नाव तिने कधी काढले नाही. ते माझे कौतुकाचे दिवस होते.

दोन वर्षांपूर्वी तापाचे निमित्त झाले आणि शालू गेली.

शेषराव गाडी लावत राहिले. भाजी तोलायची, पिशवीत टाकायची, पुढे जायचे. बोलायचे काम माझ्याकडे होते. सुरुवातीला माझा आवाज ऐकून बायका डोळ्यांना पदर लावायच्या. मग त्यांना सवय झाली. मलाही झाली. मला काही वाटत नाही आणि शेषरावांकडे पाहिले तर त्यांनाही काही वाटत असेल असे दिसत नसे. दिवसभर मी ‘बंद करा नं’ म्हणायचो आणि ते मला बंद करत नसत.

एक गोष्ट इथे सांगायला हवी. माझ्या पोटात एकच आवाज मावतो. नवा भरला की जुना पुसला जातो. माझी थेट बोलायची कळ तर कधीच गंजून गेली होती.

विधानसभेच्या मतदानाचा दिवस उजाडला. कॉलेजला सुट्टी म्हणून शेषरावांची मुलगी गीतांजली गाडीबरोबर आली होती. आपल्या घराच्या फाटकाजवळ चतुराबाई निवांत लसूण सोलत बसल्या होत्या. दर निवडणुकीत सगळ्यांच्या आधी मत देऊन येणाऱ्या या म्हाताऱ्या बाई.

"मावशी, मत देऊन आल्या का?" गीतांजलीने विचारले.

"आज कुठं हाय पोरी? उद्या हाय. मॅडमनं सोताच सांगतलं."

त्यांनी मोबाइल पुढे केला. त्यातून रश्मी मॅडमचा आवाज आला. रश्मी मॅडम म्हणजे या भागातल्या मतदार यादीचे काम पाहणाऱ्या शिक्षिका. घरोघरी चिठ्ठ्या त्यांनीच वाटल्या होत्या. शाळेतल्या मतदान यंत्रात बिघाड झाल्यामुळे आपल्या केंद्रावरचे मतदान उद्या होईल, असे तो आवाज सांगत होता. गल्लीतल्या सगळ्या मोबाइलांवर तो सकाळीच येऊन पोचला होता. काहींनी मॅडमना फोन लावला. त्यांनी उचलला नाही. "खोटं असतं तं उचलला नसता का?" चतुराबाई म्हणाल्या.

"शाळा तं गल्लीच्या टोकाले हाय मावशी. कोनी जाऊन पाहालं का?"

कोणी पाहिले नव्हते. हातच्या काकणाला आरसा कशाला म्हणतात, पण हल्ली लोक काकण सोडून आरशातच बघतात.

शेषरावांनी गाडी शाळेच्या अलीकडच्या वळणावर उभी केली. गीतांजली आत गेली आणि परत आली ती धावतच.

"बाबा, मतदान सुरू हाय! मॅडम बाहेरच यादी घेऊन बसल्या. त्याइचा फोन सकाळपासून आवाज बंद करून पिशवीत हाय. त्या म्हने, मी असं काई बोललीच नाई. कोनीतरी मशीनवर बनवला माहा आवाज. मी निवडणुकीच्या मदत नंबरले, एकोणीसशे पन्नासले बी फोन लावून इचारलं. मतदान आजच हाय."

तिने गल्लीच्या ग्रुपवर तसे लिहिले. लगेच उत्तर आले, की मॅडमचा आवाज खोटा आणि तुझे अक्षर खरे, हे कसे मानायचे? लोक घरातच राहिले. सूर्य डोक्यावर आला.

"बाबा, भोंग्यात भरू नं आपन," गीतांजली म्हणाली. बोलून गेल्यावर तिच्या लक्षात आले आणि तिने तोंडावर हात ठेवला. मग घाईने मोबाइल काढला. "थांबा, आईचा आवाज पहिले याच्यात घेऊन ठेवतो."

"नाई," शेषराव म्हणाले. "मोबाइलात गेला का आवाज कोनाचाही होते. आज मॅडमच्या तोंडी घातलं, उद्या तुह्या आईच्या तोंडी घालतीन."

दोन वर्षांत एवढे लांब बोलताना मी त्यांना ऐकले नव्हते. त्यांनी मला एकदा, अगदी हळू आवाजात, वाजवले. सांभार, पालक, मेथी, वांगे. ‘बंद करा नं अवो’ झाले. गीतांजली गाडीच्या दांड्याला धरून रडत होती. शेषरावांनी कळ दाबली.

"मी शेषराव भाजीवाला बोलून राहिलो. मतदान आजच हाय, आपल्याच शाळेत हाय, संध्याकाळी सहा वाजेपर्यंत हाय. माह्या पोरीनं आत्ता जाऊन पाहालं, मॅडमले तोंडावर इचारलं. माह्यावर भरोसा नसन तं एकोणीसशे पन्नासले फोन लावा, नाई तं सोता जाऊन पाहा."

आवाज पुसला जाताना दुखते का, असे तुम्ही विचाराल. काहीच होत नाही. तेच वाईट आहे. पण एवढे मला कळले, की या माणसाने आपले नाव सांगितले, आपल्याला कसे कळले ते सांगितले, आणि आपले बोलणे खरे वाटत नसेल तर कुठे विचारायचे तेही सांगितले. माझ्या पोटात इतके नीट कोणी काही भरले नव्हते.

गाडी गल्लीत शिरली. नवा आवाज ऐकून दारे उघडली. चतुराबाई फाटकात आल्या. त्यांनी मला ऐकले, शेषरावांच्या तोंडाकडे पाहिले, आणि लसणाचे सुपडे खाली ठेवले. "कान अन् डोळ्यात चार बोटांचं अंतर असते, आन वं माही काठी," असे सुनेला सांगून त्या शाळेकडे निघाल्या. त्यांच्यामागे बरेच लोक निघाले. संध्याकाळी शेषरावांच्या बोटावरही शाई होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी निघाली आणि सवयीने शेषरावांनी माझी कळ दाबली. "मतदान आजच हाय, आपल्याच शाळेत हाय," मी ओरडलो. कालचे खरे आज खोटे झाले होते. मला काय त्याचे? मी ओरडत राहिलो.

चतुराबाई फाटकातून हसून म्हणाल्या, "झालं नं आता, बंद करा नं अवो!"

त्या सहज बोलल्या. इतकी वर्षे कानावर पडलेले वाक्य त्यांच्या तोंडी आले, एवढेच. पण शेषरावांचा हात माझ्यावरच थांबला. ते तिथे, भर गल्लीत, मेथीच्या जुड्यांसमोर रडले. मग त्यांनी मला बंद केले. शालू इतके दिवस सांगत होती तसे.

आता ते स्वतः ओरडतात. सांभार, पालक, मेथी, वांगे, त्याच क्रमाने. मी गाडीला नुसता बांधलेला आहे.

मित्रांनो, माझ्यासारखी तोंडे आता घराघरांत, खिशाखिशांत आहेत. ती कोणाच्याही आवाजात बोलतात आणि त्यांना काही वाटत नाही. म्हणून तुम्हीच विचारा. बोलणारा कोण, त्याला कसे कळले, आणि हे आजचे की कालचे? उत्तर मिळाले नाही, तर शालूचे ऐका. बंद करा.